जमीनदाराचा होकार

त्याला सगळे जमीनदार म्हणायचे आणि त्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. राहायला भाड्याच्या दोन खोल्या, त्याही तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे घरातही जमिनीशी संबंध नाही. हे नाव त्याला चिकटलं ते कामावरून. ज्या ड्रायव्हरने पहिल्यांदा ठेवलं तो केव्हाच निवृत्त होऊन गेला, पण नाव राहिलं, आणि खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं उरलं.

काम असं होतं. रस्त्यावरचे उंच दिवे दुरुस्त करणारी बकेटची गाडी तुम्ही पाहिली असेल. ट्रकच्या पाठीवर लोखंडाचा लांब हात, हाताच्या टोकाला कंबरेएवढी बकेट, बकेटमध्ये पट्टा बांधून उभा असलेला माणूस. हात पूर्ण उघडला की बकेट बावीस मीटर वर जाते. नुसत्या चाकांवर उभी राहून गाडीने हा प्रकार केला तर ती कोलमडेल, म्हणून तिच्या कुशीतून चार जॅक बाहेर येतात आणि जमिनीवर टेकतात. प्रत्येक जॅकखाली एक लोखंडी पाटा. सगळा भार त्या चार पाट्यांवर. पाट्यांखालची जमीन भरीव आहे की पोकळ, हे बघायचं काम जमीनदाराचं. त्याच्या हातात एक पहार असायची. चार जागी तो ती आपटायचा आणि ऐकायचा. भरीव जमीन ठण्ण वाजते. खाली खड्डा बुजवलेला असेल, गटार असेल, माती वाहून गेली असेल, तर ढब्ब वाजते. बस, एवढीच विद्या. पण ती अंगात यायला वर्षं जातात, आणि ज्याच्या अंगात आली नाही त्याच्या भरवशावर वर चढू नये.

नियमांच्या पुस्तकात या सगळ्याबद्दल अर्धं पान आहे. आधारपृष्ठाची पाहणी समाधानकारक असल्याची तोंडी खात्री झाल्याखेरीज कार्यमंच हलवू नये, वगैरे. रस्त्यावर उन्हात उभं राहून एवढं लांबलचक कोण बोलणार? म्हणून या लोकांनी त्याचे दोन शब्द केले होते. बकेटमधला माणूस खाली बघून विचारायचा, "जमीन?" आणि जमीनदार म्हणायचा, "आहे." मग बकेट वर जायची. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. दिवसाला आठ-दहा खांब धरले तर तो हा शब्द किती वेळा बोलला असेल, याचा हिशेब कुणी करत बसलं नाही.

स्वतः तो कधी वर गेला नाही. वरून माणसांची टकलं दिसतात, त्यात काय बघायचं, असं म्हणायचा. खरी गोष्ट अशी की त्याला उंचीची भीती वाटायची, आणि हे गाडीवरच्या सगळ्यांना माहीत होतं, फक्त ते माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं.

गेली नऊ वर्षं बकेटमध्ये असायचा तो त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. उंच, सडपातळ, एका पायावर भार टाकून तासन्‌तास उभा राहणारा, म्हणून बगळा. आई लवकर गेली तेव्हा या बगळ्याला बहिणीनेच वाढवलं होतं. तिचं लग्न झालं तेव्हा तो शाळेत होता आणि दप्तर घेऊन तिच्यामागोमाग या दोन खोल्यांत राहायला आला होता; स्वतःचं लग्न झाल्यावर वेगळा राहू लागला. जमीनदाराने त्याला कामावर लावायचं ठरवलं तेव्हा बायकोने एकच अट घातली. "त्याला वर पाठवताय ना, मग खाली तुम्हीच राहायचं. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर माझा भाऊ वर जाणार नाही." जमीनदाराने कबूल केलं. त्यात कबूल करण्यासारखं काय आहे, असंही त्याला तेव्हा वाटलं होतं.

कान गेले ते एका दिवसात गेले नाहीत. बावीस वर्षं गाडीच्या पंपाशेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? आधी डावा गेला. जमीनदार लोकांच्या डाव्या हाताला उभा राहायला शिकला, म्हणजे उजवा कान त्यांच्याकडे होतो. मग उजवाही पातळ होत गेला. तो ओठांकडे बघायला शिकला, आणि आपण हे शिकतो आहोत हे स्वतःलाही सांगितलं नाही. एका सकाळी त्याने पहार आपटली आणि आवाजच आला नाही. हाताला हिसका बसला, पण कानात काही नाही. त्याने पहारीकडे असं पाहिलं जणू तिनेच काही चोरलं आहे. पुन्हा आपटली. पुन्हा तेच. बगळ्याने विचारलं, "जमीन?" आणि त्याच्या तोंडातून आपोआप गेलं, "आहे."

त्या दिवसापासून तो तळहाताने ऐकू लागला. भरीव जमीन पहार परत फेकते, पोकळ जमीन ती गिळते, हे खरं आहे. शंभरातल्या नव्वद वेळा खरं आहे. जमीनदार त्या नव्वदवर जगत होता, आणि उरलेल्या दहांवर त्याचा मेहुणा बकेटमध्ये उभा राहत होता.

त्या दहांतली एक वेळ आलीही. बसगाड्यांच्या थांब्यामागे, जुन्या भिंतीलगत. हाताने सांगितलं ‘ठीक’, तोंडाने सांगितलं ‘आहे’. बगळा अठरा मीटरवर असताना मागच्या जॅकखालचा पाटा चार बोटं खचला. गाडी ठराविक अंशापेक्षा जास्त कलली की तिचा भोंगा वाजतो, आणि तो भोंगा असा की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठतात. जमीनदार गाडीकडे पाठ करून दोर गुंडाळत होता. समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला, एका बाईने तिच्या मुलाला मागे ओढलं, सगळे त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघू लागले, तेव्हा तो वळला. बगळा स्वतःच बकेटमधल्या दांड्यांनी गाडीचा हात आखडून नीट खाली उतरला होता. कुणी जमीनदाराला बोल लावला नाही. जमिनीने दगा दिला, असं सगळे म्हणाले. बगळ्याने तर त्याच्या पाठीवर थाप मारली. "दाजी, तुमची जमीन तुमचं ऐकत नाही आता," असं म्हणून हसला. जमीनदारही हसला. भोंगा वाजल्याचं त्याला दुकानदाराकडून कळलं होतं.

माणसाने त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मला हा मनुष्य आवडतो, तरीही हे म्हणतो. पण सांगायचं म्हणजे काय? नोकरी जाणार, आणि त्या वयात पहार आपटण्यापलीकडे काही न येणाऱ्या माणसाला दुसरीकडे कोण घेणार? शिवाय बावीस वर्षं ज्याच्या शब्दावर लोक आभाळात गेले, त्याने आपण बहिरे आहोत हे सांगायचं, याला जी छाती लागते ती त्याच्याकडे नव्हती.

मग नियम बदलला. दुसऱ्या एका शहरात अशीच एक गाडी आडवी झाली, दोन माणसं गेली, आणि चौकशीत निघालं की खालच्या माणसाकडे कसलंच प्रशिक्षण नव्हतं. तोवर परवाना लागायचा तो फक्त वरच्याला. दहा मीटरच्या आत जाणाऱ्याला साधा, दहाच्या वर जाणाऱ्याला मोठा. आता खालच्यालाही कार्ड लागणार होतं. तीन दिवसांचा वर्ग, लेखी परीक्षा, मैदानावरची परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी. डोळे, रक्तदाब, कान. कार्ड पाच वर्षं चालणार. मुकादमाने फॉर्म वाटले आणि म्हणाला, ज्याच्याकडे कार्ड नाही तो गाडीजवळ दिसता कामा नये.

फॉर्म घरी येऊन चार दिवस झाले असतील. सुट्टीचा दिवस, दुपारची वेळ. जमीनदार खिडकीशी वर्तमानपत्र पसरून नखं कापत बसला होता, पाठ स्वयंपाकघराकडे. बायकोने आतून चहा घेणार का म्हणून तीनदा विचारलं. उत्तर नाही. तिला संशय बरेच दिवस होता. टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत जात होता, दार वाजलं तरी हा बसून राहायचा, आणि हल्ली नवरा आपल्या तोंडाकडे फार बघतो म्हणून ती एकदा लाजलीही होती. ती हात पुसत बाहेर आली आणि त्याच्या पाठीमागे दोन पावलांवर उभी राहिली. आणि भाजी महाग झाली म्हणावं अशा साध्या आवाजात म्हणाली, "माझा भाऊ वरून पडला."

जमीनदाराने करंगळीचं नख कापलं. मग कागद उचलून नखं एका बाजूला केली, आणि दुसरा हात पुढे घेतला.

ती समोर येऊन बसली. तिचा चेहरा बघून त्याने नेलकटर खाली ठेवलं. ती रडणाऱ्यातली बाई नव्हती, भांडी आपटणाऱ्यातली होती, आणि त्या दिवशी तिने भांडंही आपटलं नाही. त्यामुळे तो जास्त घाबरला.

"आत्ता मी काय म्हणाले, सांगा," ती म्हणाली.

मग तिने आपण काय म्हणालो ते सांगितलं, एकेक शब्द नीट दिसेल असं तोंड हलवून.

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"आणि रोज ‘आहे’ म्हणता?"

"हाताला कळतं गं. इतक्या वर्षांचा हात आहे."

"भिंतीजवळ पाटा खचला तेव्हा हाताला काय कळलं होतं?"

त्याने फॉर्मकडे बोट दाखवलं. "कानाची तपासणी आहेच. तिथे नापास होणार मी. डॉक्टरच लिहून देईल. मी वेगळं काय सांगायचं?" हे म्हणताना त्याला बरंही वाटलं. आपलं तोंड न उघडता कागदच सगळं सांगून टाकणार, यापेक्षा सोयीचं काय असतं? बायकोलाही ते पटलं. निदान तिने तसं दाखवलं. नवऱ्याची नोकरी आणि भावाचा जीव एकाच ताटात वाढले गेले होते. तपासणीला आठ दिवस होते, तेवढ्यापुरतं तिने ताट झाकून ठेवलं.

वर्गात तो हुशार ठरला. वारा किती असला की बकेट उचलायची नाही, विजेच्या तारेपासून किती लांब राहायचं, बकेटमध्ये किती किलोच्या वर चढवायचं नाही, पट्टा कुठे अडकवायचा, सगळं त्याला येत होतं. शिकवणारा माणूस तोंडाने नीट बोलणारा होता आणि जमीनदार पहिल्या बाकावर बसला होता. लेखीत पास. मैदानावर त्याने पहार आपटली तेव्हा परीक्षक म्हणाला, बघा, याला म्हणतात हात. बाकीच्यांनी मान वळवून बघितलं.

कानाची तपासणी एका काचेच्या खोक्यात होती. आत बसायचं, कानाला यंत्र लावायचं, हातात एक बटण, आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे मशीनवाली बाई बसली होती. जमीनदार आत गेला तो नापास व्हायलाच. हे मी शपथेवर सांगतो, कारण यातच सगळी मेख आहे. दार बंद झालं आणि आत जी शांतता झाली ती त्याला नवी नव्हती. तो वाट बघत बसला. काही ऐकू आलं नाही. पण त्याला दिसलं की मशीनवाली बाई कळ दाबते तेव्हा तिचा उजवा खांदा किंचित उचलला जातो. मुद्दाम बघितलं नव्हतं. वर्षभर लोकांची अंगं वाचून तो जगत होता, त्याला दिसल्याशिवाय राहिलं नाही. खांदा उचलला गेला, म्हणजे तिने विचारलं. आणि कुणी विचारलं की या माणसाला आहे म्हणण्याची सवय होती. अंगठ्याने बटण दाबलं. मग पुन्हा. मग पुन्हा. मधे एकदा त्याने मनाला सांगितलं की आता दाबायचं नाही, आणि खांदा उचलला गेला तेव्हा अंगठा आधीच खाली गेला होता.

"काका, तुमचे कान तर तरुण आहेत," बाई दार उघडून म्हणाली. आणि काय सांगावं, तो खूश झाला. पोरासारखा खूश झाला. जिन्याने खाली उतरेपर्यंत ती खुशी टिकली. शेवटच्या पायरीवर तो कठड्याला धरून उभा राहिला.

बायकोने कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं. श्रवणशक्ती, योग्य. पाच वर्षं मुदत. तिने ते टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "मी सांगते त्याला."

"सांगितलंस तर कार्ड खोटं मिळवलं हेही निघेल. नोकरी जाईल ती जाईल, वर खटला."

तिने संध्याकाळी भावाला फोन लावायला दोनदा फोन उचलला. दोन्ही वेळा आधी हे विचारलं, मग ते विचारलं, बायकोच्या गुडघ्याचं कसं आहे, घरातला नळ दुरुस्त झाला का, आणि ठेवून दिला. तिला स्वतःची शिसारी आली, आणि तसं ती नवऱ्याला म्हणालीही. सकाळी तो निघताना ती दारात आडवी उभी राहिली.

"आज एवढंच करा. कळलं तर आहे म्हणा. नाही कळलं तर नाही म्हणा. बाकी कुणाला काही सांगू नका, कान बिन काही नको. फक्त खोटं ‘आहे’ म्हणू नका."

ही गोष्ट त्याला झेपण्यासारखी होती. त्याने मान हलवली.

त्या दिवशी सहा खांब होते, नव्याने रुंद केलेल्या रस्त्यावर, उंच आणि एकाच बाजूला. डांबर ताजं, काळंभोर, त्यावर अजून पांढरे पट्टेही मारले नव्हते. महिन्याभरापूर्वी तिथे जाड नळ टाकले होते, हे खोदकामाच्या उरलेल्या बॅरिकेडवरून दिसत होतं. ताजं डांबर म्हणजे सगळ्यात लबाड जमीन. वरून गालिचा, खाली काय आहे देव जाणे. ड्रायव्हरने गाडी लावली, जॅक बाहेर काढले, पाटे सरकवले. बगळा बकेटमध्ये चढला, पट्टा अडकवला, ओढून पाहिला. सकाळचे साडेनऊ झाले होते.

जमीनदाराने पहार आपटली. पुढचा उजवा, ठीक. पुढचा डावा, ठीक. मागचा उजवा, ठीक. मागच्या डाव्या पाट्याजवळ आपटली आणि हाताला काहीच कळलं नाही. फेकलीही नाही, गिळलीही नाही. डांबर उन्हाने मऊ झालं होतं की खाली खरंच पोकळ होतं? त्याने दुसऱ्यांदा आपटली, मग तिसऱ्यांदा, थोडी बाजूला. ड्रायव्हर केबिनमधून डोकावून बघू लागला. जमीनदार कधी तीनदा आपटत नसे.

बगळ्याने वरून बघितलं. त्याचे ओठ हलले. जमीन?

"नाही," जमीनदार म्हणाला.

बकेट वर निघाली.

तो क्षणभर तसाच उभा राहिला. ज्याला ऐकू येत नाही त्याला स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. आपण खरंच बोललो की नुसतं मनात म्हणालो, हे त्याला कळेना. त्याने पुन्हा म्हटलं, घसा दुखेल एवढ्या जोरात, "नाही." पंपाची धडधड पायांतून वर येत होती. बगळ्याची पाठ आता त्याच्याकडे होती, नजर दिव्याकडे. तीन मीटर, पाच, आठ. लोखंडी हात पुढे सरकत होता, बाहेर, मागच्या डाव्या कोपऱ्याच्या दिशेने, कारण खांब त्याच बाजूला होता. जमीनदार धावला. गाडीच्या मागे खालच्या माणसासाठी दांडे असतात आणि त्यांच्या डोक्यावर एक लाल बटण. बावीस वर्षांत त्याने ते सरावापलीकडे कधी दाबलं नव्हतं. त्याने तळहात त्याच्यावर मारला.

बकेट बारा मीटरवर थांबली आणि हिंदकळली. बगळा कठड्यावरून वाकून ओरडू लागला. काय ओरडतोय ते एवढ्या खालून वाचता येत नव्हतं. मग जमीनदाराला फुटपाथवरची माणसं दिसली. ती बगळ्याकडे बघत नव्हती. गाडीकडे बघत होती, आणि एका म्हाताऱ्याने दोन्ही कानांवर हात ठेवले होते. म्हणजे भोंगा वाजत होता.

त्याने खाली बघितलं. मागचा डावा पाटा तिरका झाला होता, एक कोपरा डांबरात शिरला होता. दांड्यांशेजारी काचेत गाडीची पातळी दाखवणारा जो बुडबुडा असतो तो गोलाच्या बाहेर गेला होता. अशा वेळी माणसाला वाटतं की वरच्याला ताबडतोब खाली घ्यावं, आणि तिथेच लोक मरतात. पुढे गेलेला हात तसाच खाली आणला तर भार आणखी बाहेर जातो. आधी हात आखडायचा, मग फिरवून गाडीवर आणायचा, मग खाली. जमीनदाराने वरच्या दांड्यांकडून खालच्या दांड्यांकडे ताबा देणारी चावी फिरवली, लाल बटण सोडवलं आणि आखडायच्या दांड्यावर दोन बोटं ठेवली. थोडं दाबलं. थांबला. बुडबुडा बघितला. आणखी थोडं. ड्रायव्हर शेजारी येऊन काही तरी बोलत होता, त्याने त्याच्याकडे बघितलं नाही. वर बगळ्याने ओरडणं थांबवलं होतं. दोन्ही हातांनी कठडा धरून तो फक्त जमीनदाराच्या बोटांकडे बघत होता. बुडबुडा एकदा आणखी बाहेर सरकला, पण जमीनदाराची बोटं जागची हलली नाहीत. मग तो सावकाश परत यायला लागला.

बगळा खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो जमीनदाराच्या अगदी समोर आला, त्यामुळे सगळं वाचता आलं.

"आहे म्हणालात ना, दाजी?"

"नाही म्हणालो."

"मला ‘आहे’ ऐकू आलं."

"नाही म्हणाले ते," ड्रायव्हर मधे पडला. "दोनदा म्हणाले. मी ऐकलं. मला वाटलं थट्टा करतायत."

बगळा ड्रायव्हरकडे बघत राहिला, मग पुन्हा जमीनदाराकडे. जमीनदाराला वाटलं आता सांगून टाकावं, बायको काही म्हणो. "मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "वर्ष झालं. पहारीचा आवाज येत नाही, भोंगा येत नाही. आज काही कळलं नाही म्हणून नाही म्हणालो."

त्याला वाटलं होतं बगळा कॉलर धरेल. बगळा फुटपाथच्या कडेवर बसला आणि पट्ट्याचं बक्कल काढायला लागला. ते त्याच्याने निघेना.

"मला येतं ना ऐकू," तो म्हणाला. "मला सगळं येतं. मी विचारतो आणि दांडा ओढतो. तुम्ही काय म्हणता ते कधीपासून ऐकलं नाही, देवाशपथ आठवत नाही."

अर्ध्या तासाने मुकादम मोटरसायकलवर आला. जमीनदाराने कार्ड काढून त्याच्यापुढे धरलं आणि पुन्हा तेच सांगितलं. मुकादमाने कार्ड हातात घेऊन उन्हात धरलं, वाचलं, आणि जमीनदाराच्याच खिशात परत घातलं.

"यावर लिहिलंय ऐकू येतं. तुला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं का?"

"ते खोटं आहे, साहेब. मी फसवलं."

"असं बोलू नकोस. तू अडकशील, आणि ज्यांनी सही केली ते अडकतील, आणि मग माझ्या चार गाड्या उभ्या राहतील. पाटा खचला, तू बटण दाबलंस, माणूस खाली आला. म्हणजे नियमाप्रमाणे सगळं झालं की. पुढचा खांब घ्या."

गाडी पुढच्या खांबाशी लागली. जमीनदाराने पहार आपटली, चारही जागी. बगळा बकेटमध्ये उभा होता. त्याने विचारलं, आणि या वेळी पंप बंद करून, खाली वाकून, त्याच्या तोंडाकडे बघत विचारलं.

"नाही," जमीनदार म्हणाला. "मला कळत नाही."

बगळा उतरला. ड्रायव्हरने पहार घेतली, आपटली, कान दिला आणि म्हणाला, भरीव वाटतंय. "वाटतंय?" बगळा म्हणाला, आणि ड्रायव्हरने पहार खाली ठेवली. तिसऱ्या खांबालाही जमीनदार नाही म्हणाला. चौथ्यालाही. प्रत्येक वेळी तो हा शब्द बोलला तेव्हा त्याचा चेहरा शरमेने लाल होत होता, आणि प्रत्येक वेळी बगळा पट्टा सोडून खाली येत होता. खालच्या माणसाच्या होकाराशिवाय गाडी चालवणं नियमात बसत नाही, आणि मुकादम नियमाचा पक्का होता. चार वाजेपर्यंत सहाही खांब तसेच राहिले. मग त्याने ऑफिसला फोन लावला, पाठ करून बोलला आणि परत आला.

"उद्यापासून दुसरा माणूस येतोय खाली," तो बगळ्याला म्हणाला. "नवा आहे, पण कार्डवाला आहे."

जमीनदार मुकादमाच्या ओठांकडे बघत होता.

"त्याला येतं का ऐकू?" बगळ्याने विचारलं.

"कार्डावर लिहिलेलं असतं," मुकादम म्हणाला. मग त्याने खिशातून वही काढली आणि बगळ्याला उद्याची वेळ वाचून दाखवली. सकाळी आठ, पहिला खांब.